गोजराक्काचा रिकामा हंडा

शपथेवर सांगतो, या गोष्टीतला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे ही. म्हणजे, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. माझे आजोबाही नव्हते. पण त्यांच्या आजोबांनी पाहिलं होतं. तसं त्यांनी तरी कुठं पाहिलं, ते त्या दिवशी बाजाराला गेले होते. पण त्यांच्या बायकोनं पाहिलं होतं, आणि तिनं 'कुणाला सांगू नका' असं बजावून ती सगळ्या गावाला सांगितली, म्हणून ती आज माझ्यापर्यंत आली. एक जागा मात्र यात मी पदरची घातली आहे. ती कोणती ते शेवटी कबूल करीन. तोवर सगळं खरं धरून ऐका.

तर फार वर्षांपूर्वी, टेकावरचा उंबर जेव्हा माझ्या कमरेएवढा होता, तेव्हा उंबरटेक गावात गोजरा नावाची कासारीण राहत होती. नवरा धोंडी लाखेच्या बांगड्या करायचा आणि ती घरोघर जाऊन बायकांच्या हातात भरायची. तिला सगळे गोजराक्का म्हणत. तिचा हात इतका हलका होता की निजलेल्या बाळाच्या मनगटात ती बांगडी चढवी आणि बाळ कूससुद्धा बदलत नसे. असं म्हणतात की तिनं एकदा चिमणीच्या पायात बांगडी भरली होती. चिमणी मी पाहिली नाही, पण घरटं कुठं होतं ते दाखवू शकतो.

उंबरटेक गाव वर आणि पाणी खाली. गावाची एकच विहीर, साती आसरांची. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. विहिरीपासून गावापर्यंत तीनशे साठ पायऱ्या आणि तीन वळणं. तिसऱ्या वळणावर एक सपाट धोंडा, तिथं बायका हंडा टेकून दम घेत. आणि या गावाची एक रीत होती, जिचा गावाला फार अभिमान होता. बाळंतीण बाराव्या दिवशी विहिरीवर जायची, आसरांची ओटी भरायची आणि तांब्याचा हंडा काठोकाठ भरून, डोक्यावर घेऊन, कुणाचा हात न घेता वर चढायची. हंडा वर आला की म्हणायचे, बाई उठली. पाण्याचा थेंब सांडला नाही तर सासू पेढे वाटायची. शेजारच्या गावात बाळंतिणी सव्वा महिना घरात बसतात म्हणून उंबरटेकचे लोक त्यांना हसायचे.

गोजराचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण नदीला पूर आला, नाव बंद पडली आणि ती सासरीच अडकली. मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिनं हंडा वर आणला. थेंब सांडला नाही. पेढे वाटले. आणि संध्याकाळी तिला वाटलं, पोटात खाली काहीतरी सुटलंय.

त्यानंतर ते रोजचंच झालं. उभं राहून काम केलं, चार पावलं भराभर चालली की ओटीपोटात जड ओढ लागायची. दिवस मावळायच्या सुमाराला लिंबाएवढा मऊ गोळा हाताला लागायचा. सकाळी निजून उठली की तो नसायचा. शिंक आली, खोकला आला की लुगडं भिजायचं. सारखी लघवी लागायची आणि बसली की पुरती व्हायची नाही. उंबरटेकात याला बायका 'अंग येणं' म्हणत. म्हणजे म्हणत असाव्यात. तोंडानं कुणी म्हणालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

आता गोजराचं माहेर. टेकाच्या कडेला उभं राहिलं की समोर दरी, दरीत नदी आणि पल्याडच्या उतारावर देवकळ नावाचं गाव दिसतं. तिथल्या शेवटच्या घरात तिची आई सरूबाई. अंतर नजरेला एवढंसं, पण पायांना दिवसभराचं. टेक उतरायचा, नावेत पाच गावच्या माणसांत मांडीला मांडी लावून बसायचं, मग पल्याडचा चढ. आईचा गुडघा धरलेला. एकीला चढवेना, दुसरीला उतरवेना.

दर वर्षी नागपंचमीला लेकी माहेरी येतात, तेव्हा सरूबाई अंगणात उंच काठी रोवायची आणि तिच्या टोकाला तांबडं कापड बांधायची. उंबरटेकच्या कडेवरून ते मिरचीएवढं दिसायचं. ये, असा त्याचा अर्थ. गोजरा कडेला उभी राहून दिवसभर ते पाहायची, मांड्या आवळून. दुसऱ्या दिवशी महादू नावाडी यायचा आणि निरोप सांगायचा, "म्हातारीनं इचारलंय, माझं काय चुकलं?"

गोजरा त्याला गूळपाणी द्यायची आणि तसाच परत धाडायची. काय निरोप धाडणार? नावाड्याच्या तोंडी अंगाचं दुखणं कसं पाठवायचं? पोर बापाबरोबर दोनदा आजीकडे जाऊन आली. गोजरा नाही. गाव म्हणायचं, माहेराशी भांडली. भावजय म्हणायची, गर्विष्ठ झाली. अशा अकरा पंचम्या गेल्या. असं म्हणतात की ती जिथं उभी राहायची तिथल्या कातळावर तिच्या दोन टाचा उमटल्या आहेत. मी माझ्या टाचा लावून पाहिल्या. बसत नाहीत. बाईच्याच आहेत.

अकराव्या पंचमीनंतरची संक्रांत आली आणि गोजरा बांगड्या भरायला कोंडाबाईच्या घरी गेली. कोंडाबाई म्हणजे म्हाळू पाटलाची बायको, गावची मोठी सासू. रीतीभातीचं राज्य तिच्या हाती. तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तिची थोरली सून हौसा, वीस वर्षांची, मागच्याच वर्षी बाळंत झालेली. गोजरानं तिचा हात धरला, बोटं चेपली आणि सवयीनं काहीतरी चावट बोलली. हौसाला हसू फुटलं आणि तिनं पटकन गुडघ्यावर गुडघा चढवला.

गोजराचा हात थांबला. कारण अगदी तसंच ती स्वतः करत होती. आणि मग तिच्या ध्यानात आलं की अकरा वर्षं ती या गावात बायकांना हसवत होती आणि या गावच्या सगळ्या बायका गुडघे आवळूनच हसत होत्या.

"हौसे," ती हळूच म्हणाली, "किती दिस झालं?"

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अक्का, बाराव्यापासनं. माझं अंग भाईर येतं. म्या आसरांच्या वटीला नारळ नासका न्हेला आसंल का? काय पाप झालं माझ्याकडनं?"

अकरा वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते गोजरा तेव्हा म्हणाली. "मलाबी हाय गं."

एवढंच म्हणाली. पण असं म्हणतात की ते शब्द ऐकून पाटलाच्या घरातली सगळी भांडी फळीवर हलली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गोजरा एकटी विहिरीवर गेली. काठावर बसून तिनं पाण्यात हाक मारली, "आयांनो, बाळंतिणीची अंगं तुमी वढता का? वढत आसाल तर का, ते सांगा. सांगत न्हाई तोवर म्या उठत न्हाई."

एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दुपारी पाणी बाजूला झालं आणि सातांतली धाकटी वर आली. तिच्या डोक्यावर बाज होती. हसू नका, निजायची बाज, सुंभानं विणलेली. काखेत पाण्यानं भरलेली कातडी पखाल.

"आमाला आख्खी हीर हाय," आसरा फणकारली. "तुमच्या पोटात शिरून काय करायचंय आमाला? इकडं बघ."

तिनं बाज मांडली आणि पखाल तिच्यावर ठेवली. वीण घट्ट होती, पखाल वर तरंगल्यासारखी राहिली. मग तिनं सुंभ सैल केला. पखाल खाली लोंबली.

"ही पखाल म्हंजी बाईची लघवीची पिशवी. हिच्यात कायबी खोड न्हाई. खालची वीण सैल झाली, म्हून ती खाली आली. बाळ भाईर येताना वीण ताणती. ती परत आवळायला दिस लागत्यात. ओल्या सुंभाच्या बाजंवर तू कुनाला हुबं करशील का?"

"न्हाई," गोजरा म्हणाली.

"मग बाराव्या दिशी हंडा का ठिवता गं त्या बाजंवर? आन् वर नारळ आमाला!"

गोजराला रडू आलं. अकरा वर्षं तिनं त्या विहिरीला अकरा ओट्या भरल्या होत्या, माफीच्या. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "वीण घट्ट कशी हुईल?"

"घागर कशी वढतीस? तशी. वढ, धर, सावकाश सोड. हातानं न्हवं. लघवी आडवताना जिथनं आवळतीस, तिथनं. प्वाट सैल, मांड्या सैल, श्वास चालू. आन् हे लघवीला बसल्यावर करू नगंस, येरवी कर. एका हातात बांगड्या किती तुझ्या?"

"धा."

"एक वढ, एक बांगडी मागं सार. धा झाल्या की झालं. दिसातनं तीनदा. चार म्हयनं तरी सोडू नगंस. खोकला आसंल तर त्याचं औशीद घे, शौचाला कुथू नगंस."

"आन् जिची वीण लईच सुटलीया?"

"तिला खालनं टेकू दे. तुझा दाल्ला काय करतो?"

"बांगड्या."

"मग मला काय इचारतीस!" असं म्हणून आसरा बाजेसकट पाण्यात गेली.

आता काही लोक म्हणतात की आसरा वगैरे कुणी नव्हतं. ती एक म्हातारी वैदीण होती, पाणी प्यायला विहिरीवर थांबली होती आणि तिच्या डोक्यावर बाज नव्हे, जडीबुटीचं गाठोडं होतं. असेल. पण गाठोड्यानं हे समजावून सांगता आलं नसतं, म्हणून मी बाजच ठेवतो.

गोजरा घरी आली. धोंडी भट्टीपाशी लाख तापवत बसला होता.

"अवं, एक कडं करून द्या. वेताचं, वर मेन चढवून."

"माप?"

"पावनेदोन."

"एवढं ल्हान? कुना पोरीला?"

"बाईला."

"बाईच्या हातात बसंल व्हय?"

"हातात न्हाई घालायचं."

धोंडीनं वर पाहिलं. गोजरानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती त्याच्याजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं, बाजेसकट. धोंडीनं लाखेचं भांडं भट्टीवरून खाली उतरवलं. इतकी वर्षं तो समजत होता की बायकोला आपण नकोसे झालो.

"येडे," तो म्हणाला, "मला सांगायचं हुतंस."

त्यानं सगळा दिवस त्या एका कड्यावर घालवला. मेण उकळलं, चढवलं, घासलं, पुन्हा चढवलं. कुठं बोचतंय का ते पाहायला त्यानं ते स्वतःच्या ओठांवरून फिरवलं. पहिलं कडं दुसऱ्याच दिवशी निसटलं. दुसरं मोठं झालं, टोचायला लागलं. तिसरं बसलं. आत टेकू बसला आणि पखाल वर राहिली. गोजरा उठून अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. मग ती टेकाच्या कडेपर्यंत चालत गेली आणि देवकळकडे तोंड करून एकदा मोठ्यानं शिंकली. मुद्दाम. लुगडं कोरडं.

(घरी बसून बांगडीचे प्रयोग कुणी करू नका. हल्ली मऊ रबरासारखी कडी मिळते. डॉक्टर माप घेऊन बसवतात, मधूनमधून काढून स्वच्छ करतात. गोजराक्काजवळ डॉक्टर नव्हता, धोंडी होता.)

मग गोजराच्या बांगड्यांच्या टोपलीत खालच्या फडक्याखाली कडी फिरू लागली. ती बायकांचा हात धरायची आणि कानात म्हणायची, वढ, धर, सोड. उंबरटेकात त्या उन्हाळ्यात बायका चूल फुंकताना, धान्य निवडताना, कीर्तनात बसल्या बसल्या एकेक बांगडी मागं सारताना दिसत. पुरुषांना वाटलं, बायका जप करतात. गावात भक्ती वाढली म्हणून पुजारी खूश झाला.

पण रीत तशीच होती. आणि चैत्रात कोंडाबाईची धाकटी सून बनू बाळंत झाली.

बारावा दिवस उजाडला. बनू हंडा घेऊन चढत होती, मागं गावच्या सगळ्या बायका आपापले भरलेले हंडे घेऊन. तिसऱ्या वळणावर येईपर्यंत पोरीचे ओठ पांढरे झाले होते. तिथं धोंड्यापाशी गोजरा आडवी उभी होती. तिचाही हंडा भरलेला, शेजारी टेकलेला.

"बनू, हंडा खाली ठिव."

कोंडाबाई पुढं आली. "ए कासारणी! तुझं काम मनगटापातूर. रीत आमची हाय."

"रीतच बाया मोडतीया, काकी."

"आमी न्हाई आनला हंडा? पाच बाळातपनं झाली माझी, पाची डाव आनला. माझं काय वाकडं झालं?"

"कायबी न्हाई?"

"काय न्हाई!"

"मग एकदा हसून दावा," गोजरा म्हणाली.

कोंडाबाईनं ओठ घट्ट मिटले. गोजरा म्हणाली, "बरं, मी येक सांगते. परवा तुमचं मालक घोंगडीत हात लपवून माझ्याकडं आलं. म्हनलं, पाटील, काय झालं? तर म्हनत्यात, म्हशीच्या शिंगात बांगडी आडाकलीया, कशी काढू? म्हनलं, म्हस आना. तर म्हनत्यात, म्हस लाजती. म्हनलं, घोंगडी तरी बाजूला करा. घोंगडी बाजूला केली, आन् म्हस भाईर आली! मनगटात तुमचीच बांगडी, लाल, टिकलीची!"

बायका फुटल्या. हौसा धोंड्याला धरून वाकली. बनूला त्या अवस्थेतही हसू आलं. कोंडाबाईनं दात आवळले, नाक फुगवलं, आणि मग तीस वर्षांचा बांध एकदम गेला. असं म्हणतात की तो आवाज ऐकून खालच्या रानातले मोर ओरडले. ती हसली, हसली, आणि मध्येच थांबली. तिच्या पायाखालची पायरी ओली झाली होती.

बनूनं डोळे खाली घातले. कोंडाबाई तशीच उभी होती, गावाची सगळ्यांत मोठी बाई, सुनांसमोर.

गोजरानं आपला हंडा उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर उपडा केला.

मग हौसानं केला. मग तिसरीनं, चौथीनं. पाणी अंगावरून, लुगड्यांवरून, पायऱ्यांवरून वाहायला लागलं. शेवटी बनूनं तो बाराव्या दिवसाचा हंडा ओतला. आता कोण कशानं भिजलंय ते देवालाही सांगता आलं नसतं. असं म्हणतात की ते पाणी तीनशे पायऱ्या उतरून परत विहिरीत गेलं आणि आत कुणीतरी सात जणी हसल्या.

कोंडाबाई मटकन धोंड्यावर बसली. तिनं गोजराचा हात धरला. "तीस वर्सं, गोजरे," ती म्हणाली. "तीस वर्सं मी देवळात मागं हुबी ऱ्हायले. वास येईल म्हून. नातवाला मांडीवर घेतलं न्हाई."

त्या दिवशी गावात थेंबभर पाणी नव्हतं. दुपारी पाटील घरी आला, म्हणाला, "पानी?"

"खाली हाय," कोंडाबाई म्हणाली. "जावा, आना."

कोंडाबाईच्या तोंडासमोर कोण बोलणार? पुरुष हंडे घेऊन निघाले. पहिलं वळण बोलत बोलत चढले, दुसरं मुकाट्यानं. तिसऱ्यावर म्हाळू पाटलानं हंडा आधी डोक्यावरून खांद्यावर, मग पोटाशी घेतला आणि मग तो धोंड्यावर आडवा झाला. अर्ध्या हंड्यानिशी घरी आला. बराच वेळ दम खात बसला आणि मग बायकोला विचारलं, "हे... बाराव्या दिशी?"

"बाराव्या दिशी."

पाटलानं पागोटं काढून बाजूला ठेवलं. संध्याकाळी चावडीवर ठरलं की सव्वा महिना बाळंतिणीनं हंडा उचलायचा नाही, घरातल्या पुरुषानं आणायचा. कोंडाबाई दुसऱ्या दिवशी गोजराच्या दारात आली आणि मान खाली घालून तिनं बांगड्यांसाठी मनगट नव्हे, नुसता तळहात पुढं केला. गोजरानं त्या हातात कडं ठेवलं.

आता गोजराला एकच गोष्ट दिसत होती. बारावी पंचमी.

आषाढात नदी चढली. नाव तीन आठवडे बंद होती, पल्याडचं काही कळेना. गोजरा रोज कडेला यायची, दहा बांगड्या मागं सारायची, पुन्हा पुढं आणायची. श्रावण लागला, पाणी ओसरलं, महादूनं नाव पुन्हा पाण्यात घातली. पंचमीच्या दिवशी सकाळी धुकं फाटलं आणि पल्याड काठीवर तांबडं दिसलं. मिरचीएवढं.

ती निघाली. एकटी निघाली होती, पण टेक उतरेपर्यंत मागं हौसा आली, बनू आली, कोंडाबाई आली, आणि ज्या ज्या बायकांना नावेत बसून युगं लोटली होती त्या सगळ्या आल्या. नाव गच्च भरली. मधोमध आल्यावर कोंडाबाई म्हणाली, "गोजरे, ती म्हशीची गोष्ट परत सांग." नावेत असा हशा पिकला की नदी दोन्ही काठांपासून हातभर मागं सरली. ती खूण अजून आहे, दगडावर पांढरी रेघ. पाटबंधारेवाले म्हणतात की तो पुराचा क्षार आहे. म्हणू देत.

देवकळचा चढ गोजरा कुठंही न बसता चढली. अंगणात काठी होती. काठीला धरून सरूबाई उभी होती, वाळलेली, गुडघ्यात वाकलेली.

"आलीस," आई म्हणाली.

गोजराच्या छातीत बारा वर्षांचं एकच वाक्य होतं. ते ती म्हणाली. "आये, तुझं कायबी चुकलं न्हवतं."

मग त्यांनी फुगडी घातली. गुडघ्यात वाकलेली आई आणि कडं घातलेली लेक. अंगणात गोल खळगा पडला, पाऊस पडला की त्यात अजून पाणी साचतं आणि चिमण्या अंघोळ करतात. त्यातल्या एकीच्या पायात बांगडी आहे, असं म्हणतात.

उंबरटेकात आज घरोघरी नळ आहे. पण बाराव्या दिवशी बाळंतीण अजून विहिरीवर जाते, ओटी भरते आणि रिकाम्या हातांनी वर येते. तिच्या मागून नवरा, नाहीतर सासरा, नाहीतर दीर भरलेला हंडा आणतो. हंड्याखाली डोक्यावर चुंबळ असते ती तांबड्या कापडाची, दुसऱ्या रंगाची चालत नाही. तिसऱ्या वळणावर तो थांबतो आणि बाळंतीण त्यातलं ओंजळभर पाणी आधी स्वतःच्या आणि मग त्याच्या डोक्यावर ओतते. याला गोजराक्काचा हंडा म्हणतात. आणि पंचमीच्या आधी तालुक्याहून डॉक्टरीणबाई येतात, शाळेच्या खोलीत पडदा लावून बसतात. कुणाला व्यायाम सांगतात, कुणाला कडी बसवतात, कुणाला सांगतात की पिशवी फारच खाली आलीये, ऑपरेशन करून वर बांधून घे, भिऊ नको. दाराबाहेर रांग असते. रांगेत कुणी मान खाली घालून उभं राहिलं की पुढची बाई वळून म्हणते, "मलाबी हाय गं." उंबरटेकात हे आता रामराम म्हटल्यासारखं म्हणतात.

आता माझी कबुली.

नदी मागं सरली, हे खरं. आसराच्या डोक्यावर बाज होती, हे खरं. पाटलाच्या म्हशीची तर शपथ घेऊ शकतो. खोटी आहे ती फक्त आई.

सरूबाई आषाढातच गेली होती, नाव बंद होती तेव्हा. निरोप येणार कसा? जाताना तिनं सुनेला एवढंच सांगितलं होतं की पंचमीला कापड बांध. सुनेनं बांधलं. गोजरा अंगणात पोचली तेव्हा काठीपाशी भावजय उभी होती. गोजरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती तशीच पुढं गेली आणि जे वाक्य आईला सांगायचं होतं ते काठीला हात लावून म्हणाली. मग भावजयीनं तिचे हात धरले आणि फुगडी त्या दोघींनी घातली. रडत घातली. खळगा म्हणूनच इतका खोल आहे.

मी हे बदलून सांगतो, कारण मीही कासार, आणि बांगड्या भरताना ही गोष्ट सांगू लागलो की समोर एखादी तरी गुडघे आवळून बसलेली असते, आणि तिची आई कुठंतरी वाट पाहत असते. तिला मी आधी सांगितली तीच गोष्ट सांगतो. तुम्हाला खरी सांगितली.

निघताना गोजरानं काठीवरचं कापड सोडलं आणि घरी आणलं. बनूच्या पुढच्या बाळाच्या बारशाला तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर हंड्याखाली पहिली चुंबळ तिनं त्याचीच करून दिली. तांबडा रंग तेव्हापासूनचा. हे शंभर टक्के खरं आहे. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी मी ती डोक्यावर घेतली आहे, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या वळणावर मला देवकळकडे बघवलं नाही.